काकडाशिवाय शेवळं

आमच्या घरी वर्षातून एकदा, फार तर दोनदा, अशी एक भाजी व्हायची जिला आम्ही सगळेच मनातून थोडे भीत असू. तिचं नाव शेवळं. ठाणे जिल्ह्याबाहेरच्या माणसाला ती समजावून सांगणं कठीण जातं. मृग लागायच्या आठ-दहा दिवस आधी डोंगरउतारावरच्या पालापाचोळ्यातून वीतभर उंचीचे जांभळट कोंब वर येतात, दोन-तीन आठवडे राहतात आणि नाहीसे होतात. कोंबाचं आवरण उलगडलं की आत एक दांडा असतो आणि त्याच्या बुडाशी पिवळा, दाणेदार भाग. तो पिवळा भाग चुकून भाजीत राहिला तर घसा असा खाजतो की मोठं माणूस रडकुंडीला येतं, जीभ जड होते, ओठ सुजतात. म्हणून आई हातांना तेल चोळून निवडायला बसे आणि निवडून होईपर्यंत कोणाशी बोलत नसे. पिवळा भाग काढून टाकला तरी तेवढ्यानं भागत नाही. शेवळांबरोबर काकड नावाची फळं यावी लागतात, आवळ्याएवढी, हिरवी, दात आंबवणारी. ती ठेचून त्यांचा रस भाजीत घातला की खाज मरते. मग चिंचेचा कोळ, भिजवलेले सोडे, म्हणजे सुकी कोलंबी, भरपूर तेल आणि मंद आच. घरभर असा वास सुटे की तो मातीचा आहे की मासळीचा हे सांगता येऊ नये.

भाजी पानात पडली की पहिला घास अण्णांचा. अण्णा म्हणजे माझे वडील. ते घास चावत, गिळत आणि मग हात पानावर तसाच ठेवून थांबत. आम्ही त्यांच्या गळ्याकडे बघत बसायचो. त्यांच्या गळ्याची घाटी वर-खाली होई, घरात कोणी हलत नसे, आणि मग ते मान डोलावत. तेव्हा कुठे आम्ही जेवायला सुरुवात करायचो. आता वाटतं, आमच्या घराची सगळी रीतच त्या मान डोलावण्यात होती. अण्णांनी हो म्हटलं की ते अन्न सुरक्षित.

आमचं घर भिवंडीत, धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत. दोन खोल्या, पुढे ओटा, आणि दोन्ही बाजूंना कापडाच्या लूमचे कारखाने. दिवसाच्या शिफ्टला आणि रात्रीच्या शिफ्टला एकच खडखडाट. आम्ही त्यातच अभ्यास केला, त्यातच झोपलो. पाहुणे आले की त्यांना ओरडून बोलावं लागे आणि आम्ही सवयीनं ओरडतच बोलत असू. लाईट गेली की मात्र सगळे लूम एका झटक्यात बंद पडत, आणि जी शांतता पसरे ती आम्हाला सोसत नसे. आई हातातलं काम टाकून उठे. शेजारचे कामगार बाहेर येऊन उभे राहत. कोणाला काही झालंय की काय, असं प्रत्येक वेळी वाटायचं.

शेवळं आणायची ती बुधी. पूर्णा गावाच्या पलीकडे तेव्हा एक बुटका डोंगर होता, त्याच्या उतारावर तिचा पाडा, तेरा घरांचा. डोक्यावर टोपली घेऊन ती चालत यायची आणि ओट्याच्या पायरीवर बसायची. घरात येत नसे. तिचा चहाचा कप खिडकीच्या बाहेरच्या फळीवर वेगळा ठेवलेला असे, आणि त्यात काही चुकतंय असं आमच्यापैकी कोणाला वाटलं नव्हतं. एवढंच लिहून पुढे जाते, कारण त्याहून मोठी गोष्ट सांगायची आहे. शेवळांना आमच्याकडे 'घराण्याची भाजी' म्हणत. खरं तर आई देशावरची, तिनं लग्नाआधी शेवळं पाहिलीही नव्हती, आणि सासू तर लग्नाच्या आधीच वारलेली. पहिल्या वर्षी बुधीनंच पायरीवर बसून, आईच्या हाताला धरून, काय टाकायचं आणि काय ठेवायचं ते शिकवलं होतं. आईनं हे मला एकटीलाच सांगितलं होतं. चारचौघांत ती 'आमच्या सासूबाईंची पद्धत' असं म्हणायची.

अण्णा एका वकिलांकडे कारकून होते. त्यांचं अक्षर मोत्यासारखं, आणि कोर्टात ते लांबून ओळखू येई. दस्त, जबाब, करारनामे, सगळं त्यांच्याच हातचं. मी नववीत असताना उन्हाळ्यात ते पहिल्यांदा ऑफिसचं काम घरी आणू लागले. संध्याकाळी मेजाशी बसून लिहायचे आणि मी जवळ गेले की टीपकागद वर सरकवायचे. कधी नव्हे ते आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जीप येऊन थांबे आणि त्यातला माणूस न उतरता अण्णांशी बोले. आईनं एकदा विचारलं, कोण होतं. अण्णा म्हणाले, पक्षकार. आईनं पुन्हा विचारलं नाही, पण त्या रात्री तिनं भांडी जरा जास्तच आवाज करून लावली.

त्या वर्षी शेवळं लवकर आली. बुधी टोपली उतरवून बसली ती नेहमीसारखी बोलेना. आईनं विचारल्यावर म्हणाली की डोंगरावर माणसं येऊन चुन्याच्या रेघा मारून गेली, एक रेघ तर तिच्या चुलीच्या मागून गेली आहे. पाड्यातल्या म्हाताऱ्यांना ते बरं दिसत नाही. आणि एक कागद दिलाय, पाड्यातल्या सगळ्यांनी त्यावर अंगठा करायचा म्हणून. म्हातारे सोडून बाकीचे करायला तयार होते, हिनंच थांबवलं होतं, वाचून घेतल्याशिवाय नाही म्हणून. कमरेच्या ओच्यातून तिनं चौपदरी घडीचा कागद काढला आणि आईपुढे धरला. आईच्या हातांना तेल होतं. ती म्हणाली, "कुंदा वाचेल."

मी कागद उघडला आणि पहिल्या ओळीवरच थांबले. ते अक्षर अण्णांचं होतं.

नेमकी त्याच वेळी लाईट गेली. दोन्हीकडचे लूम बंद पडले आणि दुपारच्या त्या उजेडात माझा श्वाससुद्धा मला ऐकू येऊ लागला. मी वाचायला सुरुवात केली. आम्ही खाली अंगठा करणार, राहणार अमुक, जबाब लिहून देतो की. पुढचं वाक्य डोळ्यांनी आधीच वाचून झालं होतं. 'सदर जमिनीत आमची वहिवाट पूर्वी कधीही नव्हती व आज नाही. सदर जागी आमच्या झोपड्या आहेत त्या मालकाच्या परवानगीने तात्पुरत्या असून, मागणी होताच आम्ही त्या विनातक्रार काढून घेऊ.' मी मान वर केली. आतल्या दारात अण्णा उभे होते. त्या दिवशी ते घरीच होते, आणि एरवी लूमच्या आवाजात त्यांना माझं वाचन कधीच ऐकू गेलं नसतं. त्यांनी फक्त मान हलवली, अगदी थोडी, नाही म्हणून. चेहऱ्यावर राग नव्हता. भीती होती, आणि ती मी त्यांच्या चेहऱ्यावर त्याआधी कधी पाहिली नव्हती.

मी मधल्या ओळी गाळल्या. शेवटची ओळ वाचली, की हा जबाब आम्ही राजीखुशीनं, वाचून समजून घेऊन दिला असे.

बुधी माझ्या तोंडाकडे बघत होती. "घरांचं काय लिवलंय?"

"घरं आहेत असं लिहिलंय," मी म्हटलं.

"ऱ्हातील ना?"

"आहेत असंच लिहिलंय."

हे खोटं नव्हतं. झोपड्या आहेत, असं त्यात लिहिलेलं होतंच. नंतर कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले, आणि चौदा वर्षांच्या मुलीला एवढी वकिली कुठून सुचली याचं आजही मला आश्चर्य वाटतं. बुधीनं कागदाची घडी घालून ओच्यात ठेवली, टोपलीतले काकड आईपुढे ओतले आणि उठली. मी मागे वळून पाहिलं तेव्हा अण्णा दारात नव्हते. आई खाली मान घालून निवडत होती. तिचा हात क्षणभरही थांबला नव्हता, आणि त्यावरूनच मला कळलं की तिला सगळं ठाऊक आहे.

रात्री भाजी पानात आली. अण्णांनी घास घेतला, गिळला, थांबले. मान डोलावली नाही. पाणी प्यायले आणि उठून गेले. त्यांचा घसा खाजला की काय, कोणी विचारलं नाही. मी आणि आई जेवलो. माझ्या घशाला काही झालं नाही, पण मला सतत खाकरावंसं वाटत राहिलं. पुढे एकदाच, मी कॉलेजात असताना, अण्णा आपण होऊन बोलले. मी लिहिलं नसतं तर दुसऱ्यानं लिहिलं असतं, एवढंच. कशाबद्दल, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

पावसाळा सरल्यावर सुरुंगांचे आवाज येऊ लागले. लूमच्या खडखडाटाखालून एक दणका पायांना जाणवायचा, आणि मग फळीवरची भांडी किणकिणायची. पूर्णेच्या रस्त्यानं मुरमाचे ट्रक जाऊ लागले. डोंगर वरून खाली येत होता. त्याच्या पायथ्याशी भाताची शेतं होती, ती भरून काढायला तोच मुरूम वापरत होते, म्हणजे डोंगर उचलून शेतात टाकत होते आणि दोन्ही गोष्टी एकदमच नाहीशा होत होत्या. वाळत घातलेल्या कपड्यांवर पांढरी धूळ बसे. आई ती झटकताना तोंड फिरवून घेई.

पुढच्या वर्षी मृगाच्या आधी बुधी आली. टोपली नव्हती, फडक्यात बांधलेली मूठभर शेवळं होती. मी खिडकीतून पाहत होते. आई दारात उभी राहिली आणि म्हणाली, यंदा नको. बुधीनं कारण विचारलं नाही. थोडा वेळ ती पायरीशी उभी राहिली आणि गेली. आईनं तिचा कप फळीवरून काढून कुठेतरी ठेवून दिला. त्यानंतर आमच्या घरी शेवळं झाली नाहीत.

मी शिक्षिका झाले, लग्न करून कल्याणला गेले, अण्णा वारले. आई त्याच दोन खोल्यांत एकटी राहिली. महिन्यातून एकदा मी तिला भेटायला येई आणि प्रत्येक वेळी भिवंडी थोडी बदललेली असे. डोंगराच्या जागी आता लांबच लांब पत्र्याची गोदामं होती. लोक म्हणत, काळ बदलला. मीही वर्गात मुलांना असंच सांगायचे, जसा काही बदल वळिवासारखा आपोआप पडतो आणि कोणाच्या हातचा नसतो.

अशाच एका फेरीत धामणकर नाक्यावर, शेअर रिक्षांच्या रांगेशेजारी, एका हातगाडीवर मला शेवळं दिसली. पंधरा-सोळा वर्षांनी. मी तिथेच उभी राहिले. एका रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला तेव्हा भानावर आले. गाडीवाल्याला विचारलं, हे कुठून आणता. म्हणाला, दूर से आता है, जव्हार साइड से. मी काकड मागितले. तो म्हणाला, "ककडी चाहिए तो उधर मिलेगी." मी शेवळांच्या दोन जुड्या घेतल्या, आईला काही सांगितलं नाही, आणि कल्याणला जाऊन आठवेल तशी भाजी केली. पिवळा भाग काढला, चिंच दुप्पट घातली, सोडे घातले. वास तोच आला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या भरात मी पहिला घास सहा वर्षांच्या लेकीला भरवला.

तिनं घास गिळला आणि दोन मिनिटांत गळ्याला दोन्ही हात लावले. ओठ सुजले. तिला रडायचं होतं पण आवाज फुटेना. मी तिला तूप चाटवलं, कोकमाचं पाणी पाजलं, उचलून डॉक्टरांकडे पळाले. सुई दिल्यावर तासाभरानं सूज उतरली. डॉक्टरांनी विचारलं, काय खायला दिलंत, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, आमच्या घराण्याची भाजी.

दुसऱ्या दिवशी मी आईकडे गेले आणि सगळं सांगितलं. आई म्हणाली, काकड बुधीकडचे असायचे, तिच्या घरामागंच झाड होतं. मी विचारलं, बुधी आता कुठे असते. मला वाटलं होतं, आई म्हणेल, कोणास ठाऊक. ती म्हणाली, "राहनाळला गोदामं झाडते. तिथंच मागं राहते." म्हणजे आईला इतकी वर्षं तिचा ठावठिकाणा माहीत होता.

नाक्यावरच्या त्याच गाडीवरून एक जुडी घेऊन मी राहनाळला गेले. दोन गोदामांच्या मधल्या बोळात, पत्र्याला टेकून, प्लास्टिकचा कागद आणि बांबूंची एक खोपी होती. बुधी दारात बसली होती. केस पांढरे झालेले, पण पाठ ताठ. तिनं मला ओळखलं आणि आत बोलावलं. मी तिच्या घरात पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. तिनं जुडी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली की लांबची दिसतायत, दोन दिवसांची शिळी. मी काकड विचारले. ती म्हणाली, झाड डोंगराबरोबर गेलं. मग बाहेर जाऊन चिंचेचा कोवळा पाला घेऊन आली. चूल पेटवली, सुका जवळा भाजला, शेवळं चिरून पाल्याबरोबर कितीतरी वेळ शिजवत ठेवली. काकड नसले तर असं करायचं, आमची आय करायची, म्हणाली. हे आईला तिनं कधी शिकवलं नव्हतं. आमच्यासाठी ती काकड आणतच होती, त्यामुळे गरजच पडली नव्हती.

भाजी शिजत असताना मी तिला कागदाचं सांगितलं. अक्षर कोणाचं होतं, मधे काय लिहिलं होतं, मी काय गाळलं. शाळेत उभं राहून उत्तर द्यावं तसं सांगितलं, न थांबता. बाहेर एक ट्रक मागे मागे येत होता आणि त्याच्या धक्क्यानं पत्रा थरथरत होता. बुधी चुलीतलं लाकूड पुढे सारत राहिली.

मग तिनं सांगितलं ते असं. त्या दिवशी घरी जाऊन तिनं पाड्यावर सगळ्यांना गोळा केलं. म्हातारे अडून बसले होते. ती त्यांना म्हणाली, भिऊ नका, अन्नांच्या पोरीनं वाचलाय, शिकलेली पोर हाय, घरं ऱ्हातील. तेव्हा बाकीच्या बाराही घरांनी अंगठे केले. तिचा शेवटचा. दिवाळीनंतर झोपड्या पाडायला आले तेव्हा पाड्यातल्या लोकांनी मालकाला काही म्हटलं नाही. ते बुधीवर धावून गेले. तिच्या सख्ख्या भावानं तिच्याशी बोलणं टाकलं. तो पुढे वीटभट्टीवर गेला आणि तिकडेच मेला. तिला कळवायलाही कोणी आलं नाही.

"मना वाटलं, मीच ऐकताना चुकले," ती म्हणाली. "इतकी वर्सं ह्येच वाटलं."

तिनं विचारलं, "तुझ्या आयशीला ठाव व्हतं?"

"होय."

तिनं मान हलवली आणि भाजी ताटलीत काढून माझ्यापुढे ठेवली. स्वतःला वाढून घेतली नाही. मी खाल्ली. आमच्या भाजीहून ती काळी होती, तेल जवळजवळ नव्हतं, आंबटपणा वेगळा, आणि तरी जिभेला ती लगेच ओळखू आली. आम्ही जिला घराण्याची म्हणत होतो तिचं मूळ हे होतं. बुधी माझ्या गळ्याकडे बघत होती. खाज आली नाही. उरलेली भाजी तिनं एका ॲल्युमिनियमच्या डब्यात भरली, म्हणाली आईला दे. मी दारातून बाहेर पडताना तिनं मागून सांगितलं, अगदी शांतपणे.

"डबा परत आनू नको."

मी थेट आईकडे गेले. लूम चालू होते. आईनं डबा उघडला, वास घेतला आणि काही न विचारता भाकरीबरोबर भाजी खायला बसली. सगळी संपवली. काकड नाहीत यात, एवढंच म्हणाली. मग मी तिला सांगितलं, बाराही घरांचं, भावाचं, सगळं. ती ऐकत होती, नजर ताटावर. ऐकून झाल्यावर मोरीत जाऊन तिनं डबा राखेनं घासला, पदरानं कोरडा केला आणि फळीकडे बघत विचारलं, "रिकामा डबा कसा पाठवायचा? तांदूळ घालू का यात?"

तेव्हा मला तेही सांगावं लागलं, की बुधीनं डबा परत आणू नको म्हटलंय.

आई डबा धरून उभी राहिली. तिला ऐकू गेलं नाही की काय असं वाटून मी पुन्हा मोठ्यानं सांगितलं. तिनं तांदळाच्या पिंपाचं झाकण काढलं, डबा काठोकाठ भरला, झाकण दाबून बसवलं आणि दारालगतच्या फळीवर ठेवला, जाता-येता उचलता येईल असा. त्यानंतर पाच वर्षं ती होती. डबा तिथून हलला नाही आणि आम्ही दोघी त्याबद्दल कधी बोललो नाही. ती गेल्यावर घर रिकामं करताना मी तो उघडला. आत तांदूळ नव्हते. किड्यांनी त्यांचं पीठ करून टाकलं होतं, आणि ते अजून हलत होतं.